ठाणे-नवी मुंबईत ओपन सोर्सचा ग्रुप वाढवायचाय, लोक एकदा येतात आणि परत दिसत नाहीत

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमचा ओपन सोर्सवाल्यांचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या-बनवणाऱ्यांचा, छोटा ग्रुप आहे. काही लिनक्सवाले (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम), काही पायथनवाले (प्रोग्रामिंगची भाषा), दोघं-तिघं असे की जे कोड लिहीत नाहीत पण लिब्रेऑफिस, जिम्प, इंकस्केप ही ऑफिसची, फोटोंची, चित्रांची सॉफ्टवेअर रोज वापरतात. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ऑफिसात नाहीतर क्लासच्या हॉलमध्ये भेटतो. कॉलेजची मुलं आली तर हॉल भरतो, टॉक चांगला होतो, शेवटी ग्रुप फोटो होतो आणि पुढच्या महिन्यात परत तेच ओळखीचे चेहरे. ब्लॉग पण आहे, प्रत्येक कार्यक्रमाचा वृत्तांत फोटोसकट टाकतो, पण आमच्याशिवाय तो कोणी वाचत असेल असं वाटत नाही.

तर विचारायचंय असं की कसला कार्यक्रम ठेवला की नवीन माणूस दुसऱ्यांदा येतो? ब्लॉगवर नेमकं काय लिहायचं, आणि मराठीत लिहायचं की इंग्रजीत? एक कंपनी टीशर्ट आणि सर्टिफिकेट स्पॉन्सर करायला तयार आहे, घ्यावं का? सप्टेंबरात सॉफ्टवेअर फ्रीडम डे असतो, म्हणजे असल्या खुल्या सॉफ्टवेअरचा जगभर साजरा होणारा दिवस, त्याला धरून काहीतरी चांगलं करायची मनापासून इच्छा आहे. मुंबईत बरंच काही होतं पण पवई-अंधेरीला रविवारी जाऊन यायचं म्हणजे कळवा, डोंबिवली, ऐरोली, पनवेलच्या माणसाचा अख्खा दिवस जातो, म्हणून इथेच काहीतरी उभं राहावं असं फार वाटतं.

नौपाडा_टक्स

चांगला विषय काढलात, सविस्तर लिहितो.

ठाणं हे व्याख्यानांचं गाव आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय इथे १८९३ पासून आहे, व्याख्यानमाला ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे कार्यक्रम म्हटलं की आपोआप स्टेज, प्रोजेक्टर, वक्ता आणि समोर खुर्च्या असंच डोळ्यांपुढे येतं. पण व्याख्यान ऐकून माणूस खूश होऊन घरी जातो, आणि त्यात काही गैर नाही, त्याचं काम झालेलं असतं. दुसऱ्यांदा येण्याचं कारण त्याला आपण दिलेलंच नसतं. ज्याच्या हातून काहीतरी झालं तो परत येतो, हे मी लिनक्स यूझर ग्रुपच्या जमान्यापासून बघतोय. मुंबईत आयलग-बॉम हा लिनक्सवाल्यांचा ग्रुप होता तेव्हा मेलिंग लिस्टवर भांडणारे लोकसुद्धा इन्स्टॉल फेस्टला टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांची मशीन दुरुस्त करायचे.

म्हणून माझा आग्रह, टॉक एकच ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि उरलेला सगळा वेळ टेबलं, म्हणजे मशीन समोर ठेवून हाताने काम. आत्ता तर त्याला फार चांगलं कारणही आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या मशीनवर ११ सरळ मार्गाने चढत नाही. तुमच्या सोसायटीच्या ऑफिसातला पीसी, कोपऱ्यावरच्या क्लासचा पीसी, झेरॉक्सवाल्याचा पीसी, सगळीकडे हाच प्रश्न आहे. केडीई या ओपन सोर्स प्रोजेक्टची मंडळी आणि इतर काही जणांनी मिळून एंड ऑफ टेन नावाची मोहीम याच्यासाठीच काढली, त्यांच्या साइटवर कुठल्या गावात कोण मदत करतं याची यादी असते, तुमच्या ग्रुपचं नाव त्यात घाला. ज्याला ओपन सोर्स हा शब्दही माहीत नाही असा माणूस स्वतःची अडचण घेऊन तुमच्याकडे येईल आणि तोच खरा नवीन माणूस.

टेबलावर काय होतं ते एकदा बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. एक काकू लॅपटॉप घेऊन आल्या, मुलाचा जुना. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून, लिनक्स मिंट चालू झाला पण वायफायची यादीच दिसेना, आत ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड. मग फोन केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, फोनचं नेट लॅपटॉपवर आलं. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवडला. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू होतं त्यामुळे त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला आणि रीस्टार्टला ती निळी स्क्रीन आली, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड परत द्यायचा. लोक नेमके त्या निळ्या स्क्रीनला घाबरून पॉवर बटण दाबतात. काकूंनी स्वतः दिला, मी फक्त शेजारी उभा. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा दुसऱ्या बाईंना ती निळी स्क्रीन त्याच समजावून सांगत होत्या.

दोन गोष्टी मात्र काटेकोर पाळा, डेटाचा बॅकअप असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, आणि विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की आधी लिहून घ्यायची. एकाचे फोटो गेले तर ती गोष्ट सगळ्या सोसायटीत पोहोचते.

वाराचं सांगतो, रविवार टाळा. मेगाब्लॉक कुठल्या लाइनला असेल सांगता येत नाही आणि ट्रान्सहार्बर बंद असली तर वाशी-नेरुळवाले येतच नाहीत. दुसरा किंवा चौथा शनिवार धरा, बँकवाल्यांनाही सुट्टी असते. जागा स्टेशनपासून चालत पोहोचता येईल अशी बघा, घोडबंदर रोडचं ऑफिस कितीही चकाचक असलं तरी संध्याकाळी परत निघताना लोकांचा जीव जातो.

नेरुळ_नोंदी

वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत, मी ब्लॉगबद्दल लिहिते कारण माझं मन त्यात जास्त आहे.

घोडबंदरकर, वृत्तांत कोणी वाचत नाही कारण तो जे आले होते त्यांच्यासाठी असतो, आणि ते तर आलेच होते. 'कार्यक्रम उत्साहात पार पडला, अमुक यांनी मार्गदर्शन केलं' हे कोण शोधत येणार? पण वर जो ब्रॉडकॉमचा किस्सा आहे ना, ती पोस्ट आहे. शीर्षक सरळ द्या, 'लिनक्स मिंट टाकल्यावर वायफाय दिसत नाही, काय करायचं'. कुठला लॅपटॉप, कुठलं व्हर्जन, काय केलं तर झालं नाही, मग काय केलं तर झालं, आणि त्या निळ्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो. हे इंग्रजीत ढिगाने सापडतं पण मराठीत शोधणाऱ्याला फारसं काही सापडत नाही. शेवटी दोन ओळी की हे आम्ही ठाण्यात अमुक शनिवारी बसून केलं, पुढची भेट अमुक तारखेला, मशीन घेऊन या. जाहिरात एवढीच पुरे, कारण वाचणाऱ्याचं काम आधीच झालेलं असतं आणि त्याचा विश्वास बसलेला असतो.

मराठी की इंग्रजी, तर माझं मत स्पष्ट आहे, मराठी. रोज बोलतो तसं, इन्स्टॉल, फोल्डर, ड्रायव्हर हे शब्द देवनागरीत जसेच्या तसे. फक्त एरर मेसेज आणि टर्मिनलच्या कमांड मूळ इंग्रजीतच ठेवा, कारण माणूस एरर कॉपी करूनच शोधतो आणि कमांडचं एक अक्षर बदललं तरी चालत नाही. पोस्टवर तारीख आणि व्हर्जन टाकाच. एखाद्या प्रोजेक्टमधला बग सापडला किंवा त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काही चुकलेलं दिसलं तर ते मात्र त्या प्रोजेक्टकडे इंग्रजीत कळवा आणि तिथली लिंक आपल्या पोस्टमध्ये द्या, वाचणाऱ्याला कळतं की हे लोक नुसते वापरत नाहीत, परतही देतात.

लिहिणारा एकच माणूस असेल तर ब्लॉग त्याच्या कंटाळ्याबरोबर बंद पडतो, हे मी बऱ्याच ग्रुपचं पाहिलंय. डेबियन आणि ग्नोम या ओपन सोर्स प्रोजेक्टवाल्यांची पद्धत मला आवडते, प्लॅनेट डेबियन, प्लॅनेट ग्नोम. प्रत्येक जण आपापल्या ब्लॉगवर लिहितो आणि सगळ्यांच्या आरएसएस फीड (नव्या पोस्टची आपोआप निघणारी यादी) एका पानावर एकत्र येतात. तुमच्यातला कोणी इंकस्केपमध्ये लग्नपत्रिका कशी केली ते लिहील, कोणी पायथनवर, सगळं एका जागी दिसेल आणि ज्याने लिहिलं त्याचं नाव त्याच्यापाशीच राहील. सगळ्यांनी पोस्ट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए लायसन्सखाली ठेवल्या तर दुसऱ्या ग्रुपला, शाळेला त्या तशाच घेता येतात, फक्त नाव द्यायचं आणि तेच लायसन्स पुढे ठेवायचं.

आणि हो, व्हॉट्सॲप ग्रुप ठेवा पण ज्ञान तिथे ठेवू नका. तिथे दिलेलं उत्तर आठवड्याने सुप्रभातच्या फोटोंखाली जातं. ग्रुपवर कोणी प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, की त्याच माणसाला सांगायचं आता हे पाच ओळींत लिहून काढ, आम्ही नीट करून ब्लॉगवर टाकतो. नव्या माणसाची पहिली पोस्ट अशीच निघते आणि स्वतःचं नाव ब्लॉगवर आलं की तो पुढच्या भेटीला येतोच येतो.

अजून एक, कळकळीने सांगते. बायका-मुलींनी यावं असं वाटत असेल तर वेळ संध्याकाळी सहाच्या आत संपवा, आचारसंहिता आधीच ब्लॉगवर ठेवा, तक्रार कोणाकडे करायची त्यांचा नंबर द्या, आणि फोटो काढायच्या आधी विचारा. काही परिषदांमध्ये फोटो नको असलेल्यांच्या गळ्यातली दोरी वेगळ्या रंगाची असते. त्याला खर्च काहीच नाही.

ऐरोली_इंजिनिअरिंग

मी स्वतः विद्यार्थी आहे त्यामुळे टीशर्टबद्दल सांगतो. मला टीशर्ट आवडतात, खोटं कशाला बोलू, पण टीशर्टसाठी आलेला मुलगा टीशर्ट घेऊन जातो. हॅक्टोबरफेस्टचं बघा ना, डिजिटलओशनने २०१४ ला चालू केलं, ऑक्टोबरात प्रोजेक्टना काही पुल रिक्वेस्ट द्या, म्हणजे आपला बदल त्यांच्यात घ्या अशी विनंती पाठवा, आणि टीशर्ट घ्या. २०२० मध्ये लोकांनी कुठल्याही प्रोजेक्टच्या रीडमी या ओळख देणाऱ्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा इतका कचरा केला की प्रोजेक्ट सांभाळणारे मेंटेनर हैराण झाले, शेवटी त्याच ऑक्टोबरात नियम बदलून ज्या प्रोजेक्टला सामील व्हायचंय त्यांनीच स्वतःहून यावं असं करावं लागलं. २०२३ मध्ये टीशर्ट बंद केले. ती माणसं वाईट नव्हती, समोर जे बक्षीस ठेवलं त्याच्याकडे ती पळाली.

स्पॉन्सरला नाही म्हणू नका पण त्याच्याकडून दुसरं मागा. हॉलचं भाडं, चहा-वडापाव, ३२ जीबीचे चांगले पेन ड्राइव्ह, एक्स्टेंशन बोर्ड. जुन्या मशीनला एसएसडी बसवून दिली तर ती किती पळते हे बघून लोक थक्क होतात, काही एसएसडी मिळाल्या तर सोनं. स्टिकर घ्या, स्टिकर लॅपटॉपवर राहतो आणि लोकलमध्ये कोणीतरी विचारतं हे काय आहे.

खारघर_मास्तर

मी नवी मुंबईत इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवतो. मुलांच्या बाजूने बोलायचं तर सर्टिफिकेट त्यांना खरंच लागतं, त्याच्यावर त्यांचे गुण आणि प्लेसमेंटचा बायोडेटा अवलंबून असतो, म्हणून वरच्या मुलाचं सगळं पटलं तरी सर्टिफिकेटला सरसकट नकार देऊ नका. फक्त ते हजेरीचं देऊ नका, कामाचं द्या. 'यांनी अमुक पोस्ट लिहिली', 'यांनी अमुक दुरुस्ती पाठवली आणि ती स्वीकारली गेली', आणि त्याची लिंक. मुलाखतीत समोरचा ती लिंक उघडतो, असं सर्टिफिकेट मला कुठल्याही वर्कशॉपच्या रंगीत कागदापेक्षा मोलाचं वाटतं.

कॉलेजला मेल पाठवून 'मुलं पाठवा' म्हणू नका. मुलं सक्तीने येतात आणि मागच्या रांगेत बसून फोन बघतात. एखाद्या शिक्षकाला गाठा ज्याला मनापासून यात रस आहे, आणि मिनी प्रोजेक्टचे विषय ठरायच्या आधी या, म्हणजे सेमिस्टरच्या सुरुवातीला. मुलांना खऱ्या प्रोजेक्टमधला खरा प्रश्न विषय म्हणून मिळाला तर ती सहा महिने तुमच्या संपर्कात राहतात. नोव्हेंबर-डिसेंबर परीक्षांचे महिने, तेव्हा काही ठेवू नका.

शिकवायला माणूस नसेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल वापरा. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, बऱ्याच विषयांवर मराठीत आहेत, फुकट आहेत. त्यांची सांगण्याची पद्धतही चांगली आहे, व्हिडिओ थांबवत शेजारच्या विंडोमध्ये स्वतः करत जायचं. एक तास सगळ्यांनी हेडफोन लावून करायचं, दोन जणांनी फिरत मदत करायची, कोणालाच भाषण द्यावं लागत नाही.

आणि एक विनंती, पहिल्याच दिवशी मुलांना मोठ्या प्रोजेक्टवर पुल रिक्वेस्ट पाठवायला लावू नका. तुमच्या ब्लॉगच्या पोस्ट गिटच्या (फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) रेपोमध्ये ठेवल्यात तर एखाद्या पोस्टमधलं शुद्धलेखन सुधारणं, जुना स्क्रीनशॉट बदलणं, ही त्यांची पहिली पुल रिक्वेस्ट होऊ शकते. फोर्क, ब्रँच, कमिट, रिव्ह्यू, गिटवर काम करायच्या या सगळ्या पायऱ्या त्यात येतात आणि चूक झाली तर घरातल्या घरात सुधारता येते.

नेरुळ_नोंदी

सरांचं गिटचं मुलांसाठी पटतं, पण सगळा ब्लॉग गिटवर नेलात तर त्या काकू कधीच लिहिणार नाहीत. जे डेव्हलपर नाहीत त्यांच्यासाठी वर्डप्रेस राहू द्या, तोही २००३ पासून जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखालीच आहे, त्यात कमीपणा काही नाही. दोन्हीच्या फीड एका पानावर आल्या की झालं.

बेलापूर_मॅपर

कोणी नकाशाचं बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण कोड न येणाऱ्यांसाठी याच्यासारखा कार्यक्रम नाही. ओपनस्ट्रीटमॅप, २००४ पासून लोकांनी मिळून केलेला नकाशा, त्याचा डेटा कोणीही वापरू शकतं. मॅपिंग पार्टी ठेवा. सकाळी तलावपाळीला जमा, अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट टाका, ओपनस्ट्रीटमॅपचं खातं उघडा, ॲप स्वतःच प्रश्न विचारतं, या दुकानाची वेळ काय, या फूटपाथला व्हीलचेअर चढेल का, इथे रात्री दिवा असतो का. तुम्ही बघून उत्तर द्यायचं, थोड्याच वेळात ते खऱ्या नकाशावर. साठी ओलांडलेल्या गृहस्थांना मी हे करताना पाहिलंय, आपल्या गल्लीतला बाक नकाशावर आलेला बघून त्यांनी तो घरी सगळ्यांना दाखवला.

दुपारी हॉलमध्ये बसून मराठी नावं भरायची, त्यासाठी name:mr हा वेगळा टॅग आहे. गावठाणं, तलाव, देवळं, चौक यांची नावं देवनागरीत घालायला तिथे राहणारीच माणसं लागतात, दुसऱ्या कोणाला ती माहीत नसतात. फक्त गूगल मॅप्स बघून काहीही उतरवायचं नाही, हे सुरुवातीलाच बजावा, तो डेटा त्यांच्या मालकीचा आहे आणि तसं केलेलं सगळं काम काढून टाकावं लागतं. डोळ्यांनी बघितलेलं किंवा स्वतःला माहीत असलेलं तेवढंच.

याची ब्लॉग पोस्टही छान होते, आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी शेजारी. अशी पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर लोक स्वतःहून पाठवतात कारण त्यात त्यांची गल्ली असते.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. ग्रुपमध्ये सगळ्यांना वाचायला पाठवलं आणि काल रात्री बोलणं झालं.

टीशर्ट नको असं कंपनीला कळवतोय, त्याऐवजी हॉल आणि पेन ड्राइव्ह मागतोय. इन्स्टॉलची टेबलं आणि नकाशा दोन्ही करायचं, एक टॉक विंडोज १० नंतर काय यावर. जागा स्टेशनजवळच बघतोय. ब्लॉगवर वृत्तांत बंद, प्रत्येक टेबलावर एक जण फक्त लिहून घेणार, काय अडलं आणि कसं सुटलं.

एक अडचण आहे. सॉफ्टवेअर फ्रीडम डे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, आणि तो कधी कधी नेमका गणपतीत येतो, त्यात नौपाडा दादा म्हणतात चौथा शनिवार बरा. तारीख सोडायची का?

नौपाडा_टक्स

बिनधास्त सोडा. जगभर लोक आसपासच्या दिवशी करतातच. चौथा शनिवार २२ ते २८ च्या मधे पडतो, आणि जीएनयू या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टची घोषणा रिचर्ड स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ ला केली होती, म्हणजे टॉकच्या सुरुवातीला सांगायला तुम्हाला तेही आहे. फक्त त्या वर्षीचं पंचांग एकदा बघून घ्या, विसर्जनाच्या दिवशी तलावपाळीला पाय ठेवायला जागा नसते, तसं असेल तर नकाशाची मंडळी उपवन तलावाला न्या.

ऐरोली_इंजिनिअरिंग

आम्ही कॉलेजचे चार-पाच जण व्हॉलंटियर म्हणून येतो. आधी एक शनिवार आम्हाला तुमच्याबरोबर बसवा, दोन-तीन जुन्या मशीनवर करून बघू, विशेषतः ती निळी स्क्रीन, म्हणजे त्या दिवशी लोकांसमोर गडबड नको.

खारघर_मास्तर

माझ्याकडे लॅबमधून काढलेली काही जुनी मशीन पडून आहेत, परवानगी काढतो, सरावाला तीच घ्या. बॅटरी गेलेल्या आहेत, तेव्हा चार्जर आणि बोर्ड तुमचे आणा.

बेलापूर_मॅपर

नकाशासाठी ठाण्याचे कुठले भाग रिकामे आहेत ते आधी बघून यादी टाकतो. घोडबंदरकर, तुमच्या बाजूच्या नव्या इमारतींचे गेट आणि आतले रस्ते बरेच राहिलेत, तिथले रहिवासी कोणी ओळखीचे असतील तर त्यांना आत्तापासून सांगून ठेवा.